आठ वाजून दहा मिनिटांचा फोन

वेनफोर्डमध्ये एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची एक यादी आहे. ती नगरपालिकेच्या कचेरीत ग्वेन्डा स्टाउटच्या टेबलावर असते आणि तिची एक नक्कल माझ्या फ्रिजच्या दारावर. सोमवार ते शनिवार, सकाळी आठपासून मी यादीतल्या चौदा जणांना फोन लावायचे. "नॅडीन बोलतेय. बरे आहात ना?" एवढंच विचारायचं. उचलला नाही तर दहा मिनिटांनी पुन्हा लावायचा. तरीही नाही उचलला, तर ग्वेन्डाला कळवायचं. मग पोलीस जाऊन दार वाजवतात. शाळेच्या स्वयंपाकघरात मी एकतीस वर्षं काढली, अर्ध्या गावाच्या ताटात मॅकरोनी वाढली. निवृत्त झाले, पाठोपाठ नवरा क्लेटन गेला, आणि सकाळ काही केल्या सरेना. म्हणून हे काम अंगावर घेतलं.

चौदा जणांच्या चौदा तऱ्हा. मिसेस हॅलोरन गुडघ्यांपासून सुरुवात करायच्या आणि थेट वॉशिंग्टनपर्यंत पोचायच्या. एक आजोबा रोज मला "आज कोण मेलं?" असं विचारायचे. यादीत तिसरे होते व्हर्ल एमन्डसन. चौऱ्याऐंशी वर्षांचे, जन्मभर रेल्वेरुळालगतच्या धान्याच्या कोठारावर काम केलेले. बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती, एकुलती मुलगी लिनेट दूर ऑरेगनला. आठ वाजून दहा मिनिटांनी मी त्यांना फोन लावायचे, ते दुसऱ्या घंटीला उचलायचे, घशातून खरवडल्यासारखं "आहे अजून" म्हणायचे आणि माझं उत्तर यायच्या आत ठेवून द्यायचे. तीन वर्षं हेच चाललं होतं. त्यात कधी एक शब्द जास्त नाही की कमी नाही.

जानेवारीतल्या त्या मंगळवारी फोन नऊ वेळा वाजला.

मी ठेवणारच होते, तेवढ्यात उचलला गेला. पण कोणी बोललं नाही.

"व्हर्ल? नॅडीन बोलतेय. बरे आहात ना?"

मग तसाच खरवडलेला आवाज आला, "आहे अजून."

मी फोन ठेवायला कानापासून दूर नेला, तर तिकडून आवाज म्हणाला, "तू कशी आहेस, नॅडीन?"

खरं सांगते, मला बरं वाटलं. वाटलं, म्हाताऱ्याचं मन थंडीनं मऊ झालं असेल. त्या आठवड्यात पारा शून्याच्या खूप खाली उतरला होता. रस्ते चिडीचूप. आमच्याकडे एरवीही रस्त्यावर माणूस दिसत नाही. गाडी जाते, चालवणारा स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतो, आपणही एक बोट उचलतो, तेवढीच गाठभेट. त्या दिवसांत बोटंही दिसेनाशी झाली होती, कारण सगळ्यांच्या काचांवर बर्फ होतं. दुपारी बाराचा भोंगा वाजायचा तेव्हाच गावात आवाज म्हणून काही व्हायचं.

बुधवारी तो आवाज मला म्हणाला, "तुझ्या खिडकीतून काय दिसतं?"

"काय दिसणार? शेजाऱ्यांची कचऱ्याची पेटी आणि तिच्यावर बसलेली खार."

"खार नशीबवान आहे," आवाज म्हणाला. "तिच्याकडे कोणीतरी बघतंय."

गुरुवारी आम्ही वीस मिनिटं बोललो. मिसेस हॅलोरनला फोन उशिरा गेला, म्हणून त्या माझ्यावर फणकारल्या, "मी मेले असते तर?" मी म्हटलं, "मेला असतात तर इतकं ओरडला नसतात." आणि दिवसभर स्वतःशीच हसत होते. क्लेटन गेल्यापासून मी अशी हसले नव्हते.

शुक्रवारी आवाजानं विचारलं, "क्लेटन कशानं गेला गं?"

मी हातातला कप बशीत ठेवला. क्लेटनच्या अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात जे जेवण झालं, त्यासाठी व्हर्ल एमन्डसननी स्वतःच्या हातानं अख्खा हॅम भाजून आणला होता. रांगेत उभं राहून मला म्हणाले होते, "स्वादुपिंडाचा कर्करोग फार वाईट. माझा भाऊ त्यानंच गेला." त्यांचं डोकं शेवटपर्यंत लख्ख होतं. ते हे विसरणं शक्य नव्हतं.

म्हणजे फोनवर व्हर्ल नव्हते.

फोन ठेवावा, ग्वेन्डाला कळवावं, हे सगळं त्याच क्षणी सुचलं. नंतर पोलिसांनी मला विचारलं, "संशय कधी आला?" तेव्हा मी सांगितलं, "अगदी शेवटी, सोमवारी सकाळी." ते खोटं होतं. मला शुक्रवारीच कळलं होतं, आणि मी फोन ठेवला नाही. मी त्या आवाजाला क्लेटनचं आजारपण सांगितलं. शेवटच्या महिन्यात तो मला ओळखेनासा झाला आणि शाळेतली बाई समजून माझ्याकडे जादा दूध मागायचा, हे मी पोटच्या मुलीलाही सांगितलं नव्हतं. आवाज मधूनच "हं" म्हणत होता. शेवटी म्हणाला, "दिलंस ना मग दूध?"

"दिलं," मी म्हटलं, आणि रडले.

त्या दुपारी मी गाडी काढून सिडार स्ट्रीटला व्हर्लच्या घरी गेले. केळ्याचा केक केला होता, तेवढंच निमित्त. त्या रांगेतल्या प्रत्येक घराच्या धुराड्यातून पांढरी वाफ निघत होती. व्हर्लच्या घरातून निघत नव्हती. मागच्या बाजूची झोपायच्या खोलीची खिडकी वीतभर उघडी होती, अशा थंडीत. पडद्याचं टोक बाहेर आलं होतं आणि गोठून फळीसारखं ताठ झालं होतं. पुढच्या दारापाशी बर्फ अगदी कोरं. पावलांची वाट होती ती मागच्या दाराशी, आणि ती शेजारच्या घरातून आली होती. जायची आणि यायची. दुसरं पाऊल कुठेही नाही.

शेजारी ऑरिन प्रुइट आपल्या दारातलं बर्फ उपसत होता. सत्तावन्न वर्षांचा माणूस. गावाबाहेरचा यंत्रांच्या सुट्या भागांचा कारखाना बंद झाला तेव्हा घरी बसला, तो बसलाच. बायको कधीच सोडून गेली होती. किराणा दुकानात मी त्याला वर्षानुवर्षं बघत आले होते. मान हलवायची, पुढे जायचं. त्याचा आवाज मी कधी ऐकला होता की नाही, हेही मला आठवेना.

"व्हर्ल बरे आहेत ना रे?" मी विचारलं.

तो माझ्याकडे न बघता फावड्याकडे बघत राहिला. "झोपलेत," तो पुटपुटला. आवाज पातळ, चिरका. फोनवरचा नव्हे.

"खिडकी उघडी आहे त्यांची."

"त्यांना हवा लागते."

"हा केक देशील त्यांना?"

त्यानं हातमोजा काढून केक घेतला.

शनिवारी सकाळी आवाज म्हणाला, "दालचिनी जरा सढळ हातानं घातलीस."

"आवडला नाही का?"

"संपला."

मी काय करत होते, ते मला नीट कळत होतं. त्या उघड्या खिडकीमागे काय असणार, हेही कळत होतं. तरी सोमवारी पुन्हा आठ दहा झाले आणि मी नंबर फिरवला. मंगळवारी, बुधवारी, पुढेही. चौदा जणांपैकी तेरा जणांना मी विचारायचे, बरे आहात ना. तो एकटा मला विचारायचा. ज्या गावात शेजाऱ्याच्या खिडकीत न डोकावणं हाच सभ्यपणा, तिथे कोणाला काही कळणार नव्हतं. डाकपेटी रोज रिकामी होत होती. पुढच्या दारातलं बर्फही आता रोज उपसलेलं असायचं. रस्त्यापलीकडच्या बाईंनी मला चर्चमध्ये आपण होऊन सांगितलं, "व्हर्लची तब्येत बरी दिसते हल्ली. परवा खिडकीतून हात केला मला."

"तुम्ही पाहिलंत?"

"हो ना. मीही केला."

ते ऐकून मी कोटाची बटणं लावत तशीच बाहेर पडले. गाडीत बसून बराच वेळ किल्ली लावता येईना.

दुसऱ्या शनिवारी आवाज नेहमीपेक्षा थकलेला होता. खार, हवा, मिसेस हॅलोरन, सगळं बोलून झालं. मग तो म्हणाला, "सोमवारपासून उघाडी आहे म्हणे. बर्फ वितळणार."

"हो," मी म्हटलं. "रेडिओवर सांगत होते."

मग कितीतरी वेळ दोघंही गप्प होतो. फोनच्या तारेत कसलीतरी सूक्ष्म गुणगुण ऐकू येत होती. तो का गप्प आहे ते मला माहीत होतं, आणि मी का गप्प आहे ते त्याला. तसं आम्ही कोणीच म्हटलं नाही.

"रविवार तेवढा आहे मध्ये," शेवटी तो म्हणाला.

सोमवारी मी यादीतले पहिले दोन फोन घरून केले आणि तिसरा करायला सिडार स्ट्रीटला गेले. हवा मऊ झाली होती. पन्हाळींतून थेंब पडत होते. गाडी कोपऱ्यावर ठेवून मी व्हर्लच्या घराच्या मागच्या अंगाला, गॅरेजच्या आडोशाला उभी राहिले. त्यासाठी पहिला फोन आठला पाच मिनिटं असतानाच केला होता.

आठ वाजून सहा मिनिटांनी ऑरिन त्याच्या मागच्या दारातून बाहेर आला. अंगात जाड कोट, दाढी केलेली, केस पाणी लावून चापून बसवलेले. चर्चला निघालेल्या माणसासारखा. त्या मळलेल्या वाटेवरून तो सावकाश चालत आला, पायरीवर बूट झटकले, किल्लीनं दार उघडून आत गेला.

मी मोबाईलवर नंबर लावला. घरात घंटी वाजली ती मला कानात एकदा आणि भिंतीपलीकडून एकदा, अशी दोनदा ऐकू आली. मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेले. ऑरिन टेबलाशी व्हर्लच्या खुर्चीत पाठमोरा बसला होता. त्यानं घसा खाकरला, पाठ थोडी वाकवली, खांदे पुढे घेतले. माझ्या डोळ्यांदेखत ती पाठ म्हाताऱ्याची झाली. मग त्यानं फोन उचलला.

"आहे अजून." तोंडातून वाफ निघाली. घरात इतकी थंडी होती.

मी काचेच्या आणखी जवळ सरकले.

"नॅडीन? मी वाट बघत होतो."

"बरे आहात ना?" मी कसंबसं विचारलं.

"आज नाही," आवाज म्हणाला. "आज फारसा बरा नाही गं."

मी काचेवर बोटानं टकटक केलं. तो दचकला नाही. सावकाश वळला. फोन कानालाच होता, माझाही. आम्ही एक हात अंतरावर, मध्ये काच. त्याचे ओठ हलले आणि कानात त्याचा खरा आवाज आला, तो पातळ, चिरका, "मला माहीत होतं, तू येशील. दार उघडं आहे."

व्हर्ल आतल्या खोलीत पलंगावर होते. अंगावर रविवारचा पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत गोधडी, केस विंचरलेले. झोपेत गेले असावेत. चेहऱ्यावर त्रास नव्हता. ऑरिननं घर तापवायची भट्टी बंद केली होती, नळ फुटू नयेत म्हणून पाइपांतलं सगळं पाणी काढून टाकलं होतं, खिडकी उघडून ठेवली होती. प्रत्येक काम नीट, मन लावून केलेलं. पलंगाशेजारी एक खुर्ची होती आणि खुर्चीखाली माझ्या केकचं ताट, घासूनपुसून.

"मंगळवारी सकाळी त्यांचं दूध घेऊन आलो," ऑरिन माझ्या मागे उभा राहून सांगत होता. "बघितलं तर हे असे. पोलिसांना लावायला फोनकडे हात नेला आणि तेवढ्यात तोच वाजला. मी सांगणारच होतो, नॅडीन. देवाशपथ. पण तू विचारलंस, बरे आहात ना. मला हे शेवटचं कोणी कधी विचारलं, तेच आठवेना."

मीच पोलिसांना फोन केला.

आलेला पोलीस टॉड, लहानपणी माझ्याकडून तिसऱ्यांदा मॅकरोनी मागणारा. तो खोलीत गेला, बाहेर आला आणि माझ्याकडे पाहून म्हणाला, "मिसेस नॅडीन, तुम्ही खाली बसा." व्हर्ल हृदय बंद पडून गेले होते, सोमवारी रात्री किंवा मंगळवारी पहाटे. ऑरिनवर मृत्यू दडवल्याचा आरोप ठेवला, त्याच दिवशी त्याला घरीही सोडलं. त्याला विचारलं, की फोनवरच्या बाईंना शंका नाही आली? तो म्हणाला, "नाही. मी आवाज फार छान काढतो." मला वाचवलं त्यानं.

बुधवारी लिनेट आली. पन्नाशीची, उंच, बापासारखी रुंद कपाळाची. विमानतळावरून थेट माझ्याकडेच. माझ्या स्वयंपाकघरात ती कोट न काढता बसली.

"मला फक्त तारीख सांगा," ती म्हणाली. "बाबा नक्की कधी गेले?"

"तेरा तारखेची रात्र. फार तर चौदाची पहाट."

तिनं बोटांवर काहीतरी मोजलं. पुन्हा मोजलं. चेहरा राखेसारखा झाला.

"मी दर रविवारी फोन करते. चार मिनिटं. हवा कशी आहे, गाडी कशी आहे, बस. एकोणीस तारखेला बाबा म्हणाले, 'लिनेट, तू फार चांगली निघालीस. तुझा मला अभिमान आहे.' पन्नास वर्षांत पहिल्यांदा. मी तासभर बाथरूममध्ये रडत बसले होते." ती माझ्याकडे बघत राहिली. "सव्वीसला पुन्हा म्हणाले."

तिच्या पुढ्यातली कॉफी तशीच निवली.

"मला त्याच्याकडे न्या," ती म्हणाली.

ऑरिननं दार उघडलं आणि तिला पाहताच तो मागे सरकला, भिंतीला टेकला. त्याच्या बैठकीत एक खुर्ची होती. दुसरी नव्हतीच, म्हणून आम्ही तिघंही उभे राहिलो.

"कुठून सुचलं तुला ते?" लिनेटनं विचारलं. आवाज शांत होता, म्हणून जास्त भीती वाटली.

"मला नाही सुचलं," ऑरिन जमिनीकडे बघत म्हणाला. "तुमचा फोन झाला की व्हर्ल दर रविवारी मागच्या पायरीवर येऊन बसायचे. म्हणायचे, 'आजही राहिलं बघ सांगायचं. पोरगी चांगली निघाली, आणि माझी जीभ मेली उचलत नाही.' दर रविवारी. मी म्हणायचो, पुढच्या वेळी सांगा. मग पुढची वेळ आली, तेव्हा मी होतो."

"खरं बोलतोयस?"

ऑरिननं मान वर केली नाही.

"हे खरं आहे की मला बरं वाटावं म्हणून बनवलंस?"

"आता मी काहीही म्हटलं तरी तुम्हाला खरं वाटणार नाही," ऑरिन म्हणाला.

मला वाटलं, ती त्याच्या थोबाडीत देणार. तिनं त्याच्याकडे पाठ केली, भिंतीकडे तोंड केलं आणि डोळे मिटले.

"मी बघत नाही," ती म्हणाली. "म्हण पुन्हा. एकदाच."

"नको हो."

"म्हण."

ऑरिननं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. त्याचा घसा खाकरल्याचा आवाज आला, आणि मग त्या उजेडाच्या खोलीत, भर दुपारी, व्हर्ल एमन्डसन बोलले. कोरड्या, खरवडलेल्या आवाजात, शब्द जड जात असल्यासारखे. तारेवरून ऐकणं वेगळं. इथे ते माझ्या खांद्यामागे उभे होते. वळून बघायची माझी हिंमत झाली नाही. लिनेटचे खांदे हलले. ती म्हणाली, "बरं बाबा," आणि थेट दाराबाहेर गेली.

शुक्रवारी अंत्यविधी झाला. व्हर्लच्या वयाची त्यांची माणसं एकतर आधीच गेलेली, नाहीतर काठी टेकत आलेली. शवपेटी उचलायला सहा जण लागतात, जमले पाच. चर्चमध्ये कुजबुज चालू असताना लिनेट उठली, शेवटच्या बाकावर एकट्याच बसलेल्या ऑरिनपाशी गेली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "तुम्ही धरा." तो उठला. कोणी काही बोललं नाही. वेनफोर्डमध्ये कोणी कधी काही बोलत नाही. त्यानं डाव्या बाजूचं मागचं कडं धरलं आणि खाली मान घालून नेलं.

जेवणाच्या वेळी तळघरात तो एका लांब टेबलाशी एकटाच बसला होता. मी बटाट्याची भाजी आणि हॅम वाढून घेतलं आणि त्याच्या समोर जाऊन बसले. आम्ही खाल्लं. समोरासमोर काय बोलायचं, ते दोघांनाही येत नव्हतं. त्यानं मिठाची बाटली माझ्याकडे सरकवली. मी घेतली.

न्यायाधीशांनी त्याला तुरुंगात नाही घातलं. शिक्षा म्हणून ग्रंथालयात झाडलोट करायचे तास लावले, ते त्यानं केले. ग्वेन्डाला मी म्हटलं, त्याचं नाव यादीत घाल. ती म्हणाली, "पासष्टच्या आत असलेल्यांसाठी तरतूद नाही, नॅडीन." एप्रिलमध्ये तो मिसूरीला बहिणीकडे गेला. जायच्या आदल्या दिवशी माझ्या दारात एक कागद खोचलेला मिळाला, वर नुसता नंबर.

दोनदा लावला मी तो. दोन्ही वेळा पहिली घंटी वाजायच्या आत ठेवून दिला. तिकडून कोण बोलेल, याची मला अजून भीती वाटते.